हद्दीपलीकडचा पाय

पहिलं चलान आलं तेव्हा सर्जेराव नेजदार कळंब्याच्या मैदानावर एका बँकेतल्या बाईंना गाडी मागे घ्यायला शिकवत होते. मोबाइल थरथरला. त्यांनी बाईंना थांबायला सांगितलं आणि कपाळावरचा चष्मा खाली ओढला. राज्य कर्नाटक, जिल्हा बेळगाव, हत्तरगीजवळचा महामार्ग. वेग मर्यादेपेक्षा जास्त. चालक सर्जेराव नेजदार, राहणार कोल्हापूर. चालनठसा जुळणी शहाण्णव टक्के. चार गुण वजा.

तारीख आदल्या दिवसाची होती, गुरुवारची, दुपार टळतानाची. आणि गुरुवारी दुपार टळताना सर्जेराव याच मैदानावर याच बाईंवर ओरडत होते. हत्तरगी तर त्यांनी तीन वर्षांत पाहिली नव्हती. त्या दिशेला तोंड करून चहासुद्धा प्यायचा नाही असं त्यांनी ठरवलं होतं, त्याचं कारण पुढे येईल.

दुसरा कुणी असता तर यंत्राची चूक म्हणून हसला असता, चार जणांना दाखवत फिरला असता. सर्जेरावांच्या मनात मात्र लगेच पाल चुकचुकली, की हे कुणीतरी मुद्दाम केलंय.

त्यांचा स्वभावच तसा. दूधवाल्यानं एखाद्या दिवशी माप जास्त घातलं तरी ते म्हणायचे, आज पाणी जास्त असणार. त्यांचा विश्वास फक्त मीटरवर होता. एकुलती एक लेक केतकी कॉलेजला गाडी घेऊन जायची, तेव्हा संध्याकाळी ती हातपाय धुवेपर्यंत हे गृहस्थ अंगणात जाऊन मीटर बघून यायचे. कॉलेज किती लांब, क्लास किती लांब, मैत्रिणीचं घर किती लांब, सगळं त्यांच्या डोक्यात पक्कं होतं. आकडा थोडा जरी पुढे सरकलेला दिसला की जेवणाच्या ताटावर चौकशी सुरू व्हायची. पोरीनं दोन-तीन वर्षं उत्तरं दिली, मग उत्तरं देणं बंद केलं, आणि एक दिवस संकेश्वरच्या मल्लिकार्जुन अंगडीशी नोंदणी पद्धतीनं लग्न करून मोकळी झाली. निघताना म्हणाली, "तुमचा विश्वास मीटरवर आहे, पप्पा. मग मीटरलाच लेक म्हणा."

तेव्हापासून घरात तिचं नाव निघत नव्हतं. सर्जेरावांच्या पत्नी शैलजाबाई यांनी त्यावर एक अक्षर काढलं नाही. गप्प बसणं त्यांना चांगलं जमायचं. लेक गेल्यावर त्यांनी दर गुरुवारी नरसोबाच्या वाडीला जायचा नेम धरला. सकाळी जायच्या, दिवेलागणीच्या आत परत यायच्या, आल्या की नवऱ्याच्या हातावर पेढा ठेवायच्या.

आता हा चालनठसा काय प्रकार आहे ते सांगायला हवं.

पूर्वी चलान यायचं ते गाडीच्या नंबरावर. कोल्हापूरच्या माणसानं दुसऱ्या राज्यात गाडी पिटाळली तर चलान त्या राज्याच्या दफ्तरात पडून राहायचं आणि इकडे त्याचं लायसन धुतल्या तांदळासारखं स्वच्छ. एका राज्याला दुसऱ्या राज्यातलं दिसत नसे. काही बहाद्दर तर इथलं लायसन रद्द झालं की शेजारच्या राज्यात नवं काढायचे. शिवाय गाडी मेव्हण्याची, चालवणारा भाचा, असा घोळ असायचाच.

मग एका प्रयोगशाळेत कंपवात लवकर ओळखता यावा म्हणून ट्रकचालकांच्या हातापायांच्या हालचाली मोजत होते. मोजता मोजता संशोधकांच्या ध्यानात आलं की एका माणसाची मोजणी दुसऱ्याशी जुळतच नाही. अ‍ॅक्सिलरेटरवरून उचललेला पाय ब्रेकवर पडेपर्यंत जाणारा क्षण, ब्रेकवर हळूहळू येणारं वजन, सरळ रस्त्यावरसुद्धा मनगट स्टिअरिंगला देत असलेले बारीक हिसके, यातलं काहीच माणूस ठरवून करत नाही. ते मेंदूच्या आणि स्नायूंच्या सवयीनं होतं, आणि वर्षानुवर्षं तसंच राहतं. थोडं अंतर गाडी चालवली की चालवणारा कोण ते गाडीला कळतं. त्याला नाव पडलं चालनठसा.

त्यावर कायदा आला. प्रत्येक गाडीत ठसा टिपणारी पेटी बसली, प्रत्येक लायसनधारकाचा ठसा देशाच्या एकाच कोठारात गेला, आणि सगळ्या राज्यांची मिळून एकच नोंद झाली. गुन्हा काश्मीरला करा नाहीतर कन्याकुमारीला, गुण तुमच्याच खात्यातून जाणार. एकूण गुण बारा. संपले की लायसन वर्षभर गोठतं आणि प्रशिक्षकाचं गोठलं तर त्याची शाळाही बंद होते. गाडी कुणाची होती हे मात्र मालकाच्या खाजगीपणासाठी चलानावर छापत नसत. ते सुनावणीलाच कळायचं, आणि सुनावणी व्हायची जिथे गुन्हा घडला तिथे.

म्हणजे सर्जेरावांपुढचा प्रश्न साधा होता. पंचवीस वर्षं हातानं उभी केलेली नेजदार मोटार ट्रेनिंग स्कूल वाचवायची, तर आपला ठसा कोण वापरतंय ते शोधायला हवं.

पण बोंब मारायचीही सोय नव्हती, कारण त्यांचा स्वतःचाच पाय चोराचा होता.

तीन वर्षांपूर्वी, केतकी गेली त्याच सुमाराला, ते मोटारसायकलवरून पडले आणि उजव्या गुडघ्यातलं एक लिगामेंट तुटलं. मिरजेला गुपचूप शस्त्रक्रिया करून घेतली. घरी सांगितलं, साधी गाठ होती, काढली, आठ दिवसांत उड्या मारीन. गुडघा काही पूर्वीसारखा झाला नाही. प्रशिक्षकाचे हातपाय धडधाकट असावे लागतात असा नियम, म्हणून सर्जेरावांनी दुखणं गिळलं. चालताना कळू द्यायचं नाही इतकं त्यांनी साधलं होतं. गाडीत मात्र पायाला लपता येत नव्हतं. टाच जमिनीवर ठेवून पाऊल अ‍ॅक्सिलरेटरवरून ब्रेकवर फिरवायचं, ही त्यांच्याच शाळेतली पहिली शिकवण, पण तसं फिरवलं की गुडघ्यात कळ जायची. म्हणून ते टाच उचलून अख्खी मांडी हलवायचे, ब्रेकला आधी हलकं टेकायचे आणि मग दाबायचे. विद्यार्थ्यांना तोंडानं बरोबर शिकवायचे आणि स्वतःच्या पायानं चूक करायचे. शेजारी बसणाऱ्या विद्यार्थ्याचं लक्ष रस्त्यावर असतं, त्यामुळे कुणाच्या ध्यानात आलं नाही. कोठारात त्यांचा जो ठसा गेला तो या लंगड्या ब्रेकसकट गेला.

तो लंगडा ब्रेक हत्तरगीच्या रस्त्यावर आला कसा, हे कोडं होतं.

पहिला संशय गेला अजितनाथ चौगुलेवर. चौगुलेची शाळा रंकाळ्याच्या बाजूला, सर्जेरावांपेक्षा नवी आणि गर्दीची. ठशाची नक्कल करणारी पेटी मिळते, अशी कुजबुज बाजारात होतीच. सर्जेराव दोन दिवस चौगुलेच्या गाड्यांमागून फिरले. एकदा त्याच्या विद्यार्थ्याला चहा पाजून, गुरुवारी सर कुठं असतात, अशी आडून चौकशीही केली. ती चौगुलेपर्यंत पोचायला वेळ लागला नाही, आणि मग तोच मैदानावर आला. त्यानं शांतपणे सगळं ऐकून घेतलं, आपण गुरुवारभर ऑफिसातच असतो ते सांगितलं, आणि निघताना म्हणाला, "मास्तर, तुमचा पाय चोरून मी काय करू? त्या उजव्या पायाचं काय ते आधी एखाद्या डॉक्टरला दाखवा."

म्हणजे याला ठाऊक आहे. सर्जेरावांना रात्रभर तेवढं एकच वाक्य पुरलं.

दुसरं चलान आलं तेही गुरुवारचं, तोच रस्ता, येण्याची बाजू, बेळगावकडून कोल्हापूरकडे. नकाशावर बघितलं तर ठिकाण संकेश्वरपासून फार लांब नव्हतं. केतकीला गाडी त्यांनीच शिकवलेली. पोरगी सूड उगवतेय की काय? त्यांनी मदतकेंद्राला फोन लावला आणि आवाज होता होईल तेवढा परका करून विचारलं, की एखाद्याची मुलगी बापासारखीच गाडी चालवत असेल तर घोटाळा होऊ शकतो का. पलीकडच्या मुलीनं सांगितलं, "नाही होणार. मुलीचं लायसन असेल तर तिचा स्वतःचा ठसा कोठारात असतो. यंत्र आधी तोच लावतं. ते फक्त कोठारातल्या लोकांतून सगळ्यांत जवळचा माणूस निवडतं."

केतकी सुटली, चौगुले अडकून राहिला. सर्जेरावांना बरं वाटलं की वाईट, ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

घरी त्यांनी यातलं काहीच सांगितलं नाही. चलानाचं सांगायचं म्हणजे ठशाचं सांगायचं, ठशाचं सांगायचं म्हणजे गुडघ्याचं. शिवाय शैलजाबाईंना गाडीतलं काय कळतं? लग्नानंतर चार संध्याकाळी त्यांनी बायकोला गाडी शिकवून पाहिली होती. चौथ्या संध्याकाळी गाडी नाल्याच्या कठड्याला घासली आणि तुझ्यानं व्हायचं नाही असं सांगून त्यांनी विषय संपवला. त्या बरंय म्हणाल्या आणि डाव्या सीटवर जाऊन बसल्या. तेव्हापासून त्या डाव्या सीटवरच होत्या. साऱ्या जगावर संशय घेणाऱ्या या माणसानं बायकोवर कधी संशय घेतला नाही, आणि याला तो स्वतः विश्वास समजत होता.

एका गुरुवारी शैलजाबाईंनी पेढ्याऐवजी कुंदा आणला. सर्जेरावांनी खाता खाता भुवई वर केली. कुंदा बेळगावचा, वाडीला कुठून आला? त्या म्हणाल्या, आता सगळीकडे सगळं मिळतं. हे खरंच होतं, आणि कुंदाही चांगला होता. त्यांनी आणखी थोडा मागून घेतला.

तिसऱ्या चलानानं बारा गुण संपले. सोबत सुनावणीची सूचना होती. हुक्केरी, गुरुवार, सकाळची वेळ. हजर राहिला नाहीत तर आरोप मान्य आहे असं धरलं जाईल.

त्या सकाळी शैलजाबाई नेहमीसारख्या पिशवी घेऊन वाडीला निघाल्या. सर्जेरावांनी त्यांना सांगितलं की आपण एका कामासाठी सांगलीला चाललोय, यायला उशीर होईल. नवरा-बायको एकमेकांना धडधडीत खोटं सांगून एकाच दारातून बाहेर पडले, एकजण एसटी स्टँडकडे आणि एकजण आपल्या गाडीकडे.

हुक्केरीच्या सुनावणी कार्यालयात हिरेमठ नावाच्या अधिकारी बाई होत्या. वय फार नव्हतं, मराठी स्वच्छ होतं, शेवटाला किंचित कानडी हेल यायचा. सर्जेरावांनी पाठ करून आणलेलं सगळं सांगितलं, की त्या दिवशी मी कोल्हापुरात होतो, साक्षीदार आहेत, माझा ठसा चोरीला गेलाय, कुणी चोरलाय तेही मला माहीत आहे. बाईंनी ते मध्ये न बोलता ऐकलं. मग त्यांनी नियम समजावला. गाडीतला कॅमेरा चेहरा टिपत नाही, त्याला कायद्यानं बंदी आहे. तो फक्त पायांजवळ असतो, पेडलच्या हालचाली पडताळायला. ती चित्रफीत सर्वांत आधी बघायचा हक्क चालकाचा. त्यानंतर चालकानं गुन्हा मान्य केला तर चित्रफीत कुणीही न बघता पुसली जाते. अमान्य केला तर ती पडताळणीला जाते आणि मग ज्याचा पाय असेल त्याच्यावर कारवाई होते.

"लायसन नसलेला कुणी निघाला," त्या म्हणाल्या, "तर मग गुणांचा विषय राहत नाही. फौजदारी होते. गाडीही जप्त होते."

सर्जेरावांना हेच हवं होतं. चौगुलेचा पाय ते हजारात ओळखणार होते.

कडेच्या छोट्या खोलीत पडद्यासमोर ते एकटे बसले. आधी गाडीची माहिती आली. मालक केतकी मल्लिकार्जुन अंगडी, संकेश्वर. त्यांच्या कानशिलाशी रक्त चढलं. म्हणजे शेवटी पोरगीच, यंत्राला फसवून पोरगीच. आणि मग पाय दिसला.

तो केतकीचा पाय नव्हता. चपला काढून बाजूला सरकवलेल्या, अनवाणी, थोडा रुंद, टाचेला भेगा असलेला बाईचा पाय होता. बोटातलं जोडवं सैल झालेलं आणि निसटू नये म्हणून त्याला पांढरा दोरा गुंडाळलेला. ते जोडवं नवीन करून आणतो, असं म्हणत सर्जेरावांनी दोन दिवाळ्या काढल्या होत्या.

त्यांचा पहिला विचार काय होता, तर ही जाते कुठं, आणि कुणाबरोबर. पंचवीस वर्षांची सवय एका क्षणात मोडत नाही. त्यांनी चित्र थांबवलं आणि कोपरा मोठा करून डावी सीट पाहिली. तिथे दुसरे दोन पाय होते. तरुण, पण घोट्यापर्यंत सुजलेले, सपातांचे पट्टे सोडून ठेवलेले. शेजारी बेळगावच्या प्रसूतीच्या दवाखान्याची पिशवी होती. शैलजाबाईंचे पाय एकदाच असे सुजले होते, केतकीच्या वेळी. तेव्हा सर्जेराव रोज रात्री ते उशीवर ठेवायचे आणि कोमट पाण्यानं शेकायचे.

त्यांनी चित्र पुढे सोडलं. पुढच्या गाडीचा वेग कमी झाला असावा. दोरा गुंडाळलेल्या जोडव्याचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून उठला. टाच उचलली गेली, अख्खी मांडी हलली, पाऊल ब्रेकला हलकेच टेकलं आणि मग दाबलं गेलं. गुडघा ठणठणीत असलेली बाई त्यांच्यासारखा लंगडा ब्रेक लावत होती. तिचं लायसन नव्हतं, त्यामुळे तिचा ठसा कोठारात नव्हता, आणि यंत्रानं सगळ्यांत जवळचा माणूस निवडला होता. सर्जेरावांनी तो तुकडा पुन्हा पुन्हा बघितला. तोंडानं त्यांनी हजारोंना शिकवलं होतं. पायानं फक्त हिला शिकवलं होतं, तेही नकळत. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते पुसायला त्यांनी चष्मा काढला.

बाहेर आले तेव्हा हिरेमठबाई काहीतरी लिहीत होत्या. ओळखलात का, असं त्यांनी विचारलं.

"पाय माझाच आहे," सर्जेराव म्हणाले.

बाईंनी मान वर केली. मघाशी साक्षीदार सांगणारा, चोर सांगणारा माणूस तो हाच ना, असं त्यांना वाटलं असावं. नक्की का, म्हणून त्यांनी दोनदा विचारलं. सर्जेरावांनी दोन्ही वेळा नक्की म्हटलं आणि पडद्यावर अंगठा टेकवला. नेजदार मोटार ट्रेनिंग स्कूल त्या अंगठ्याखाली बंद झाली. बाईंनी ठरलेली वाक्यं वाचून दाखवली, की वर्षभर लायसन गोठलं आहे, हा ठसा आता देशात कुठल्याही गाडीत उमटला तरी गाडी चालकाला सूचना देऊन कडेला थांबेल. सर्जेरावांचं तिकडे लक्ष नव्हतं. आपण काहीतरी मोठं केलं, अशा गुंगीत ते बाहेर आले.

स्वतःच्या गाडीत बसले, सवयीनं बटण दाबलं, सवयीनं निघाले. थोडं अंतर गेल्यावर गाडी हळू झाली आणि झाडाखाली जाऊन उभी राहिली. आतून बाईच्या आवाजात शब्द आले, "सर्जेराव नेजदार, आपलं लायसन गोठवलेलं आहे."

ते क्षणभर स्टिअरिंग धरून बसले, आणि मग त्यांना एकदम आठवलं. आज गुरुवार होता. हा ठसा देशात आणखी एका गाडीत उमटत होता, आणि त्या गाडीत आठव्या-नवव्या महिन्यातली पोरगी होती.

त्यांनी शैलजाबाईंना फोन लावला. बंद. गुरुवारी त्यांचा फोन बंदच असायचा, देवळात वाजू नये म्हणून, असं त्या सांगायच्या. केतकीचा नंबर त्यांनी स्वतःच्या हातानं पुसून टाकला होता. समोरून येणारी रिक्षा त्यांनी अक्षरशः आडवं होऊन थांबवली आणि महामार्गावर चल, बेळगावच्या रस्त्यानं, म्हणाले. रिक्षावाल्यानं नक्की कुठं म्हणून विचारलं तर त्यांना सांगता येईना. एक गाडी थांबलेली असेल, एवढंच म्हणत राहिले.

वाटेत ते कडेच्या प्रत्येक उभ्या गाडीकडे बघत होते. एक मालट्रक होता, एक टायर बदलणारा माणूस होता. संशय घेण्यात आयुष्य गेलेल्या या माणसानं आज पहिल्यांदा आपला संशय खोटा ठरावा म्हणून देवाला हात जोडले. मल्लिकार्जुन तिच्याजवळ का नाही, दवाखान्यात न्यायला आईलाच का यावं लागतं, सूज आली म्हणजे रक्तदाब वाढला असेल का, हे प्रश्न आता डोक्यात येत होते, आणि तीन वर्षांत आपण यातला एकही विचारला नाही हेही येत होतं.

हत्तरगीच्या थोडं पलीकडे पांढरी गाडी कडेला उभी होती, चारी दिवे उघडझाप करत. डाव्या बाजूचं दार उघडं होतं आणि केतकी सीट मागे करून पडली होती. शैलजाबाई बाहेर उभ्या राहून तिच्यावर पदरानं वारा घालत होत्या. रिक्षातून उतरणारा नवरा दिसला तशा त्या जागच्या जागी थिजल्या आणि तोंडातून निघालं ते हे, "मी वाडीलाच निघाले होते."

"ठाऊक आहे," सर्जेराव म्हणाले.

ते दाराशी गेले. केतकीनं त्यांच्याकडे बघितलं. चेहरा फुगलेला, डोळ्यांखाली काळं, पण नजर तीच. ती म्हणाली, "मीटर बघायचंय का, पप्पा?"

"नको." ते दाराशी वाकले. "डॉक्टर काय म्हणाले?"

डॉक्टर म्हणाले होते की बाळ बरं आहे, पण तिला झोपूनच राहायचंय आणि दर आठवड्याला तपासायला यायचंय. गाडी तर अजिबात चालवायची नाही. मल्लिकार्जुन समुद्रातल्या पवनचक्क्यांवर कामाला होता, पुढच्या महिन्यात यायचा होता. हे सगळं तिनं तुटक तुटक सांगितलं, आणि सर्जेरावांनी एकही उलटा प्रश्न न विचारता ऐकलं.

मग त्यांनी मोबाइल काढला आणि जरा घुटमळून चौगुलेला फोन केला. लायसन असलेला, ओळखीचा आणि बोलावल्यावर नक्की येईल असा दुसरा माणूस त्यांना आठवेना. माझं चुकलं, हे त्यांनी फोनवर आधीच सांगून टाकलं, आणि हत्तरगीला यायला सांगितलं. शाळेत उद्यापासून एक विद्यार्थीण घे म्हणाले. नाव विचारल्यावर शैलजा नेजदार असं सांगितलं. पलीकडून चौगुलेनं काहीच न विचारता, निघतो मास्तर, म्हटलं.

वाट बघायला नवरा-बायको कडेच्या कठड्यावर बसले. शैलजाबाई अजून घाबरलेल्या होत्या. गाडी एकदम आपोआप कडेला गेली म्हणाल्या. "आणि तुमचं नाव घेऊन बोलायला लागली. सर्जेराव नेजदार, तुमचं लायसन गोठवलंय म्हणे. मी तिला सांगत होते, अगं बाई, मी त्यांची मंडळी आहे." मग त्यांना एकदम उमगलं आणि त्यांनी विचारलं, "तुमचं कशानं गोठलं?"

सर्जेरावांनी सांगितलं. तिन्ही चलानं, ठसा, चौगुलेमागून फिरणं, सकाळची खोली, दोरा गुंडाळलेलं जोडवं, सगळं सांगितलं. शैलजाबाईंनी पाय साडीत ओढून घेतले. पहिलं चलान आलं तेव्हाच मला सांगितलं असतं तर मी दुसऱ्याच दिवशी कबूल केलं असतं, असं त्या अगदी हळू म्हणाल्या.

"गाडी शिकवली कुणी तुला?"

"केतकीनं बटण दाखवलं. बाकी मला येत होतंच की. इतकी वर्षं तुमच्या शेजारी बसून दुसरं काय बघत होते?"

"मग एवढा वेग कशाला?"

"तुम्ही घरी यायच्या आत पोचायचं असायचं," त्या म्हणाल्या. "तिला संकेश्वरला सोडून पुढची एसटी धरायला लागायची. उशीर झाला असता तर तुम्ही विचारलं असतं."

महामार्गावरून गाड्या जात होत्या. एक प्रश्न राहिला होता, आणि त्याचं उत्तर सर्जेरावांना ठाऊक होतं, पण तिच्या तोंडून ऐकायचं होतं.

"आणि टाच उचलून ब्रेक का लावतेस? तशानं पाय अवघडतो."

"अवघडतो की. पोटऱ्या भरून येतात," शैलजाबाई म्हणाल्या. "पण तुम्ही तसाच लावता. तीन वर्षं बघतेय मी. आधी नव्हता लावत, मग लावायला लागलात. मला वाटलं, काहीतरी नवीन पद्धत निघाली असंल. चांगली असल्याशिवाय तुम्ही कशाला कराल?"

सर्जेरावांनी उजवा पाय कठड्यावरून पुढे सोडला. इतके दिवस चारचौघांत ते तो दुमडून बसायचे, म्हणजे कुणाला कळू नये. आता त्यांनी तो सरळ लांब केला, जसा त्याला हवा होता तसा, आणि दोन्ही हातांनी गुडघा धरला.

शैलजाबाईंनी आधी पायाकडे आणि मग त्यांच्या तोंडाकडे बघितलं. त्यांना सगळं एकदम कळलं असावं, कारण त्यांनी गाठीचं, मिरजेचं काहीच विचारलं नाही.

"दुखतोय?" एवढंच विचारलं.

"फार," सर्जेराव म्हणाले.